‘९९ टक्के सारखेपणा’बाबत खुलासा

माणूस आणि चिंपांझी यांची जनुके ९९ टक्के सारखी असल्याने दोघांत फरकच नाही, असे संगणकाने सिद्ध केल्याचा मजकूर जळगाव-धुळ्याकडील व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. आकडा निराधार नाही. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चिंपांझीच्या जनुकीय आराखड्याची मानवी आराखड्याशी जुळणी केली असता डीएनएच्या एकेका अक्षराचे (रासायनिक घटकाचे) फरक सुमारे १.२३ टक्के, म्हणजे साडेतीन कोटींच्या घरात भरले. गळालेले वा नव्याने घुसलेले तुकडे त्यात धरलेलेच नाहीत. शिवाय प्रथिने इतकी सारखी असताना दिसणारा भेद मुख्यतः जनुकांच्या नियमनातून, म्हणजे कोणते जनुक कधी आणि किती चालू राहते यातून येत असावा, असे शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी १९७५ मध्येच मांडले होते. रावेर-यावलच्या केळीबागेत ठिबकच्या नळ्या सारख्याच असल्या, तरी कोणता व्हॉल्व्ह कधी आणि किती वेळ उघडतो यावर पिकाची वाढ ठरते, तसेच हे (उपमा ढोबळ आहे, हे मान्य). इतर प्राण्यांत कोट्यवधी वर्षे जवळजवळ न बदललेले, पण मानवात झपाट्याने बदललेले तुकडे संगणकीय पद्धती निवडून काढतात, आणि त्यांपैकी बहुतेक तुकडे प्रथिने घडवणाऱ्या भागाबाहेरचे आहेत. त्यांतला कोणता तुकडा खरोखर जनुक चालू-बंद करतो, हे मात्र पेशींवर किंवा उंदरांच्या गर्भावर प्रयोग करूनच पडताळावे लागते.