फौजी माणूस आणि शहराचा कारभार: सुभेदारसाहेबांना उत्तर

सुभेदारसाहेब, नमस्कार.

स्मेडली बटलर या अमेरिकी फौजी जनरलवरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. फिलाडेल्फिया शहर सुधारण्यातलं अपयश मी त्याच्या माथी मारलं, खरे दोषी पुढारी; आणि हैतीचं प्रकरण उगाच उकरून काढलं. वर तुम्ही म्हणता, आपल्याकडेही महापालिका आयुक्ताच्या खुर्चीत फौजी बसवा, वर्षभरात शहर सुतासारखं सरळ येईल.

पुढाऱ्यांचा दोष मला मान्यच आहे. जानेवारी १९२४ मध्ये फिलाडेल्फियाचा महापौर केंड्रिकने मरीन कोअर या अमेरिकी लढाऊ दलाच्या या ब्रिगेडियर जनरलला रजेवर आणवून शहराचं पोलीस आणि अग्निशमन खातं त्याच्या हाती दिलं. दारूबंदीचे दिवस. आल्या आल्या बटलरने पोलीस अधिकाऱ्यांना ४८ तासांची मुदत दिली: आपापला भाग साफ करा, नाहीतर पद सोडा. धाडसत्र सुरू झालं, पेपरवाल्यांची चंगळ झाली. पण पोलिसांच्या नेमणुका-बढत्यांवर वॉर्डातल्या रिपब्लिकन पुढाऱ्यांची पकड, आणि धरलेला माणूस ज्या मॅजिस्ट्रेटपुढे जायचा तोही त्याच गोतावळ्यातला. इकडे धरला की तिकडे सुटला. शेवटी गल्लीबोळातल्या गुत्त्यांवरून मोर्चा रिट्झ-कार्लटनसारख्या बड्या हॉटेलांकडे वळला आणि १९२५ सरता सरता बटलरला नारळ मिळाला.

आता पुढचा प्रश्न. मॅजिस्ट्रेटही त्याच्या हुकमाखाली असते तर? तसा अनुभव त्याच्या गाठीशी होता, म्हणून तर हैती आणलं. अमेरिकी ताब्यातल्या हैती या कॅरिबियन देशात तो तिथल्या सशस्त्र पोलीस दलाचा प्रमुख होता. गावकऱ्यांना वेठीला धरून त्याने रस्ते करवून घेतले. परकीयांना जमिनीची मालकी देणारी राज्यघटना तिथली विधानसभा मान्य करेना, तेव्हा १९१७ मध्ये ती बरखास्त करायलाही हाच माणूस पोलीस घेऊन गेला. रस्ते झाले, हे खरंच. पण तुमच्या माझ्या गावात असे रस्ते चालतील का?

त्याची कारभारातली खरी हुशारी बघायची तर फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदराजवळची अमेरिकी सैनिकांची पोंटानेझाँ छावणी बघा. १९१८ चा पावसाळी शरद, फ्लूची साथ, तंबूत चिखल, पोरं चिखलातच झोपताहेत. खंदकांत टाकायच्या लाकडी फळ्या बंदरावर नुसत्या पडून होत्या. बटलरने त्या उचलायला लावल्या आणि पहिली फळी स्वतःच्या खांद्यावर घेऊन छावणीचा चढ चढला. जनरल फळी वाहतोय म्हटल्यावर मागे कोण राहील! पायवाटा झाल्या, तंबूंना तळ मिळाला. हे वाचून तुमच्याइतकाच मीही खूश होतो. मात्र तिथे रसद, मुदपाकखाना आणि शिक्षा एकाच हुकमाखाली होती. चिखलाला मत नव्हतं, फळ्यांना नगरसेवक नव्हता. (हे वाक्य नगरसेवकांनी मनाला लावून घेऊ नये.)

आपल्या आयुक्ताकडे तर पोलीसही नसतात, ते राज्याच्या गृहखात्याकडे. अंदाजपत्रकाला सभागृहाची मंजुरी लागते, आणि पाच-अष्टमांश नगरसेवकांनी ठराव केला तर आयुक्ताला परत पाठवायची तरतूद कायद्यातच आहे. शिस्तीचा फौजी इथे जरूर यावा. पण वर्षभरात सगळं सरळ करायचं म्हणाल, तर त्याला यातलं काय काय गुंडाळावं लागेल ते तुम्हीच सांगा.

तो राजकारणात का उतरला नाही, असंही विचारलंत. उतरला होता की. १९३२ मध्ये पेनसिल्व्हेनियातून सिनेटच्या रिपब्लिकन उमेदवारीसाठी उभा राहिला, तोही दारूबंदीचा कैवारी म्हणून, आणि जेम्स डेव्हिसकडून हरला. त्याच वर्षी जुलैत, पहिल्या महायुद्धातल्या सेवेबद्दल कबूल केलेल्या बोनससाठी वॉशिंग्टनला तळ ठोकून बसलेल्या माजी सैनिकांपुढे त्याने भाषण ठोकलं. त्यावर सवडीने वेगळं लिहितो. ते तुम्हाला नक्की आवडेल.