शंभर फेका पुरत नाहीत हे मान्य, पण पिअर्सर सोडणार नाही

नमस्कार,

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या फाशांवर खेळायच्या भूमिका-खेळाच्या 'ड्रॅगन' मासिकाच्या जुन्या सदरांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया तिखट आहे आणि निम्मी बरोबर आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर: ही सदरं उगाळणं म्हणजे जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे माळ्यावर जपण्यासारखी हौस. पिअर्सरसारखा एकेक राक्षस कसा जगतो हे सांगणारे 'इकॉलॉजी' लेख म्हणजे नियमांचा पत्ता नसलेल्या गोष्टी. क्रिटिकल हिटचे तक्ते (जबर वार लागला किंवा वार पार फसला तर काय होतं ते ठरवणारे) खेळाची वाट लावतात. 'सेज ॲडव्हाइस' हे नियमांवरच्या प्रश्नोत्तरांचं सदर आज कुणालाच लागू नाही. आणि फासा तपासायला 'वीस बाजूंचा फासा शंभर वेळा टाका' ही मी दिलेली रीत गणिताच्या दृष्टीने पोकळ आहे.

हौस आहे, नाकारत नाही. डेव्हिड ट्रॅम्पिअरचं 'वर्मी' हे चित्रसदर १९८८ च्या एप्रिलमध्ये १३२व्या अंकानंतर अर्धवट तुटलं, आणि ते पुन्हा पाहताना जे वाटतं त्याचा टेबलावर काडीचा उपयोग नाही. पण सगळं एकाच गोणीत भरून माळ्यावर टाकू नका. १९७६ ते २००७ अशी एकतीस वर्षं मासिक छापलं गेलं, त्यात टाकाऊ भरपूर आहे. एखादं सदर आज कामाचं आहे की नाही हे आकडेमोड करून कळतं, आठवणी काढून नाही. तीच इथे करतो.

तक्त्यांपासून सुरू करू, कारण तिथे तुमचं-माझं भांडणच नाही. जुलै १९८०च्या ३९व्या अंकातला कार्ल पार्लाग्रेको यांचा 'गुड हिट्स अँड बॅड मिसेस' वाचायला धमाल आहे. पण अशा कुठल्याही तक्त्याची मेख नियमांच्या दुसऱ्या टोकाला असते. समजा, १ पडला की घोळ, हा सर्वत्र चालणारा साधा नियम घेतला. ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या पहिल्या आवृत्तीत एका हिट डायपेक्षा (हे राक्षसाची ताकद मोजायचं माप) कमी ताकदीच्या शत्रूंशी लढताना फायटरला लेव्हलइतके वार मिळतात. म्हणजे दहाव्या लेव्हलचा योद्धा गॉब्लिनांच्या घोळक्यात दर राउंडला दहा वार करतो, आणि त्यात एकदा तरी १ पडण्याची शक्यता निघते ४० टक्के. पहिल्या लेव्हलच्या पोराची ५ टक्के. जितका कसलेला गडी, तितक्या जास्त वेळा तलवार स्वतःच्याच पायावर!

क्रिटिकलचं गणितही खेळाडूंच्या विरुद्धच जातं. सहा ऑर्क राक्षस पाच राउंड लढले तर ३० वार होतात, त्यात सरासरी दीड वेळा २०, म्हणजे क्रिटिकल, पडतो. तक्त्यात शंभरात एक ओळ 'मुंडकं उडालं' अशी असेल तर पन्नास लढायांमध्ये कुणाचं तरी मुंडकं उडण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. ऑर्कचं काय, तो एका लढाईपुरता जन्माला येतो. डी अँड डीचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये या प्रकाराला विरोध केला तो याच अंगाने.

तक्ता वापरायचाच असेल तर दोन दुरुस्त्या एकत्र करा. १ पडल्यावर पुन्हा फासा टाकायचा आणि तो वारही चुकला तरच घोळ धरायचा. शिवाय हे फक्त राउंडच्या पहिल्या वाराला. गॉब्लिनची आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड ते सांगणारा आकडा) ६ धरली तर पहिल्या लेव्हलच्या फायटरचे ६५ टक्के वार चुकतात, दहाव्या लेव्हलच्या फायटरचे २५ टक्के. म्हणजे एका वारामागे घोळाची शक्यता ३.२५ टक्के आणि १.२५ टक्के, जशी असायला हवी तशी. पण फक्त पहिलीच दुरुस्ती केली तर दहा वारांत ते १.२५ टक्के साचून पुन्हा १२च्या आसपास जातात. बहुतेक जण एकच दुरुस्ती करतात आणि तक्त्याला शिव्या देतात.

'सेज ॲडव्हाइस'बद्दल फार लिहीत नाही. १९७९च्या ३१व्या अंकापासून ते प्रश्नोत्तरांचं सदर आहे, आणि उत्तर वाचण्याआधी ते कोणत्या आवृत्तीचं हे पाहिलं नाही तर घोटाळा ठरलेलाच. १९८९च्या आधीचं उत्तर पहिल्या आवृत्तीचं किंवा साध्या डी अँड डीचं, २०००पर्यंतचं बहुधा दुसऱ्या आवृत्तीचं. तिसऱ्या आवृत्तीत आर्मर क्लास उलटी झाली, आधी कमी आकडा चांगला होता, आता जास्त. २० मधून जुना आकडा वजा केला की नवा मिळतो. एवढं सांभाळलं तर प्रश्न तरी कामाचे आहेत: मंत्राची मर्यादा कुठे संपते, कुठल्या वाक्याचे दोन अर्थ निघतात. उत्तरं शिळी झाली, प्रश्न नाहीत.

आता पिअर्सर. इथे मात्र मी मागे हटत नाही.

छतावरून लोंबणाऱ्या लवणस्तंभासारखा दिसणारा आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडणारा हा प्राणी. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधली नोंद अशी: आर्मर क्लास ३, हिट डाइस १ ते ४, नुकसान हिट डाइसइतके सहाबाजूंचे फासे, ३ ते १८ पिअर्सर एका वेळी, आणि ९५ टक्के वेळा गाफील गाठणार. ही नोंद जशीच्या तशी टेबलावर आणली तर काय होतं? पार्टी (खेळाडूंची टोळी) चालते, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) फासा टाकतो, चार हिट डाइसचा पिअर्सर कुणाच्या तरी अंगावर पडतो आणि सरासरी १४ प्राण-पॉइंट जातात. पहिल्या लेव्हलच्या फायटरकडे सरासरी साडेपाच असतात. खेळाडूने काही ठरवलं नाही, काही चुकलं नाही, मेला. त्यानंतरच्या प्रत्येक गुहेत छतावर दहा फुटी काठी टोचत बसण्यात सगळी संध्याकाळ जाते.

एप्रिल १९८३च्या ७२व्या अंकात ख्रिस एलियट आणि रिचर्ड एडवर्ड्स यांचा 'द इकॉलॉजी ऑफ द पिअर्सर' आला, आणि मासिकातली ती मालिका तिथून सुरू झाली. तुम्ही म्हणता, गोष्टी. गोष्टी आहेतच. पण हा प्राणी जगतो कसा, असं विचारलं की डीएमच्या हाती खुणा येतात, आणि खुणा असल्या की खेळाडूला निर्णय घेता येतो. पाहा कसं ते.

पुस्तकातला वेग आहे १ इंच, म्हणजे भुयारात एका मिनिटाच्या राउंडला १० फूट. छत ३० फूट उंच आणि भिंत २० फुटांवर असेल तर पडलेल्या पिअर्सरला भिंतीपर्यंत, भिंतीवरून वर आणि छतावरून परत अशी ७० फुटांची वाट सरपटून पुन्हा जागेवर जायला सात मिनिटं लागतात. म्हणजे त्याला एकच वार मिळतो. चुकला की तो जमिनीवर निरुपद्रवी पडून राहतो. मग जगायचं तर त्याने जागा नीट निवडलीच पाहिजे: वर्दळीच्या वाटेवर, पाण्याच्या रस्त्यावर, अरुंद दाराच्या वर. तिथे खाली हाडं सापडणार. भिंतीवर सरपटत गेल्याची चकाकती रेघ असणार (१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला गोगलगाईच्या गणगोतात बसवलं आहे, त्यामुळे हे शोभतंही). आणि सगळ्यात छान खूण भूशास्त्रातली: खऱ्या लवणस्तंभातून पाणी ठिबकतं, त्यामुळे खाली बहुधा दुसरा खांब उभा राहतो, निदान ओल तरी असते. वर सुळका आणि खाली कोरडी, सपाट जमीन असेल तर शंका घ्यावी. पुरावा नव्हे हं, शंकाच. कारण खालून पाणी वाहून गेलं असेल तर खऱ्या लवणस्तंभाखालीही काही उरत नाही. शंभर टक्के खात्री देणारी खूण डीएमने देऊच नये. दोन मोघम खुणा आणि त्यांतली एक फसवी, एवढं पुरतं.

नियमात हे बसवायला एकच ओळ लागते. खेळाडूने वर पाहतो असं सांगितलं आणि दिव्याचा उजेड छतापर्यंत पोचत असेल तर ९५ टक्क्यांऐवजी सहापैकी दोनदाच गाफील गाठण्याचा नेहमीचा नियम लावायचा. पहिल्या लेव्हलच्या पार्टीसाठी सगळे पिअर्सर एक हिट डाइसचे ठेवा. आर्मर क्लास ४ असलेल्याला ते ३० टक्के वेळा लागतात, म्हणजे तीन पडले तर सरासरी नुकसान तीन पॉइंटांच्या जरा वर. धडा मिळतो, मर्तिक नाही. एकाच माणसावर अठरा पाडू नका. एका क्षणात सगळे वार होऊन जातात आणि उरते ती नुसती साफसफाई.

'नियमांचा पत्ता नाही' याला खरं उत्तर पुढच्या आवृत्त्यांनी दिलं आहे. १९८९च्या 'मॉन्स्ट्रस कम्पेंडियम'मध्ये राक्षसांच्या नोंदीत राहणीमान आणि इकॉलॉजी असे ठरलेले भाग आले. आणि २०१४च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधला पिअर्सर पाहा: नुकसान हिट डाइसवर नाही तर उंचीवर, दर १० फुटांना एक सहाबाजूंचा फासा, जास्तीत जास्त सहा. छत किती उंच आहे हे खेळाडू डोळ्यांनी पाहू शकतो, प्राण्याचे हिट डाइस नाही.

जुन्या लेखावरून प्राणी नव्या आवृत्तीत आणताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, वेग: राउंड आता सहा सेकंदांचा आहे, त्यामुळे 'राउंडला १० फूट' उतरवलं तर प्राणी दहापट वेगवान होतो. दुसरं, वरचं वजाबाकीचं सूत्र: ते पिअर्सरला १७ देतं, २०१४च्या पुस्तकात आहे १५. सूत्राने फक्त मापं बदलतात, तोल सांभाळला जात नाही. नव्या पुस्तकात नोंद असेल तर आकडे तिथून घ्या आणि जुन्या लेखातून फक्त वागणूक घ्या. पुढच्या बऱ्याच इकॉलॉजी लेखांना शेवटी टिपा आहेत, नियमांचं सगळं तिथेच आहे. गोष्टीचा कंटाळा येत असेल तर थेट टिपांवर जा.

राहिला फासा. ऑक्टोबर १९८३च्या ७८व्या अंकात माइंड फ्लेअर या राक्षसाच्या इकॉलॉजीबरोबरच डी. जी. वीक्स यांचा 'बी दाय डाय इल-रॉट?' हा लेख आहे, आणि फासा खोटा आहे का ते 'काय-स्क्वेअर' या संख्याशास्त्रीय चाचणीने कसं पाहावं हा त्याचा विषय. तत्त्व साधं: प्रत्येक बाजू किती वेळा आली त्यातून अपेक्षित संख्या वजा करा, वर्ग करा, अपेक्षित संख्येने भागा, वीसही बाजूंची बेरीज करा. बेरीज ३०.१४ च्या वर गेली तर फाशावर संशय. प्रामाणिक फासाही वीसात एकदा या रेषेपलीकडे जातो, म्हणून वीस फासे तपासून एक 'चोर' सापडला तर लगेच कचऱ्यात टाकू नका, त्याला पुन्हा टाकून पाहा.

शंभर फेकांचा आकडा माझा, आणि चूकही माझी. तो येतो कुठून? प्रत्येक खणात (इथे प्रत्येक बाजूसाठी) अपेक्षित संख्या निदान ५ हवी, हा या चाचणीचा रूढ दंडक. वीस बाजू गुणिले पाच, शंभर. पण तेवढ्याने फक्त सूत्र लावण्याजोगं होतं, चोर पकडण्याजोगं नाही. समजा फाशावर २० हा आकडा ५ ऐवजी ८ टक्के येतो, म्हणजे चांगलाच खोटा फासा. शंभर फेकांत २० आठ वेळा येईल, त्याचा बेरजेतला वाटा ९ भागिले ५, म्हणजे १.८. तीसच्या रेषेपुढे १.८ ची काय मातबरी! असा फासा दहापैकी नऊ वेळा निर्दोष सुटतो. हजार फेकांत मात्र चारपैकी तीन वेळा सापडतो. तुमचा आक्षेप इथपर्यंत अचूक.

पण त्यावरून चाचणीच निरुपयोगी ठरत नाही. संशय एकाच बाजूवर असेल, आणि बहुतेक वेळा तो २० वरच असतो, तर बाकीच्या एकोणीस मोजायच्याच कशाला? फक्त २० मोजा. ४०० फेकांत तो २० वेळा यायला हवा. प्रामाणिक फाशावर तो २९ किंवा जास्त वेळा येण्याची शक्यता तीनेक टक्के. वरचा खोटा फासा या रीतीने ४०० फेकांतच चारपैकी तीन वेळा सापडतो. अट एकच, कोणती बाजू मोजायची ते फेकण्याआधी ठरवायचं. आधी फेकून मग सगळ्यात जास्त आलेली बाजू निवडली तर बरेच प्रामाणिक फासेही चोर दिसतील. तसंच, मनासारखा आकडा दिसला म्हणून मध्येच थांबायचं नाही.

फेकताना फासा पेल्यात हलवून कडक पृष्ठभागावर टाका आणि समोरच्या उभ्या कडेला आपटू द्या. हातातून अलगद सोडलेला फासा तुमचा हात तपासतो, स्वतःला नाही. तिरका अडकलेला मोजू नका. जुने वीसबाजू फासे ० ते ९ दोनदा छापलेले असायचे आणि एका संचाला वेगळा रंग देऊन ११ ते २० वाचायचे. रंग न पाहता नुसते अंक मोजलेत तर खण दहाच होतात, रेषा १६.९२ वर येते, आणि एकाच अंकाच्या दोन बाजूंपैकी एक जड व दुसरी हलकी असेल तर दोष आपसात फिटून जातो.

मिठाच्या पाण्यात फासा तरंगवून पाहायची जी रीत तुम्ही सुचवलीत, ती पोटातला बुडबुडा शोधायला चांगली, पण झिजलेली कड किंवा बसका आकार तिला दिसत नाही. ॲक्रिलिकची घनता १.१८ च्या आसपास आणि मिठाने पुरतं भरलेल्या पाण्याची १.२०. म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात जवळजवळ ३२ ग्रॅम मीठ विरघळेपर्यंत फासा बुडूनच राहील, तेव्हा चिमूटभर मीठ टाकून निकाल देऊ नका. फाशाला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी बोटाने पुसा.

मूळ लेखातली शंभर फेकांची ओळ काढून तिथे ४०० आणि २९ हे आकडे घातले आहेत. तक्त्यांच्या परिच्छेदात दोन्ही दुरुस्त्या जोडल्या आहेत. पिअर्सरचा भाग आहे तसाच ठेवला आहे.