कोरड्या जिल्ह्याचा माणूस

वर्ध्याची दारूबंदी उठवावी की ठेवावी, हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा बारमाही विषय. कापसाचा भाव पडला की दोन दिवस त्यावर बोलतात, मग पुन्हा हेच. चंद्रपूरची बंदी 2015 साली आली आणि 2021 साली उठली. तेव्हापासून ‘आता आपला नंबर’ म्हणणारे आणि ‘बापूंच्या जिल्ह्यात दुकानं उघडता का?’ म्हणणारे यांची सारखी जुंपलेली असते. मी सहसा वाचून सोडून देतो. या मार्चमध्ये मात्र इथे न्यूझीलंडात, हॅमिल्टनच्या घरी, एका शनिवारी दिवसभर मॅक्रोकार्पाची (इथल्या जळणाच्या झाडाची) लाकडं फोडून शेडमध्ये रचली, डेकवर बसलो, घरी केलेल्या बिअरची बाटली उघडली आणि फोटो ग्रुपवर टाकला. काही हेतू नव्हता. (होता थोडा.)

पहिलं उत्तर आलं, “काऊन बे, तिकडे जाऊन भट्टी लावली का?” यावर मी हसलो. दुसरं आलं, “संस्कार पुलगावच्या पुलाखाली ठेवून गेला वाटते.” तिथून माझं डोकं सटकलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

आधी भट्टीचं सांगतो. भट्टी म्हणजे नवसागर, काळा गूळ, मोहाचा सडवा. माझ्या गॅरेजमध्ये 23 लिटरचा प्लास्टिकचा पिंप आहे. माल्टच्या अर्काचा डबा, उकळतं पाणी, मग गार पाणी. वीस अंशांच्या आसपास आलं की वरून यीस्ट भुरभुरायचं, झाकण लावायचं, आतला वायू बाहेर सोडणारा एअरलॉक बसवायचा. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं मोटुएका जातीची. आठवडा-दहा दिवस ते बुडबुडत राहतं. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा 1.010 च्या आसपास येऊन दोन दिवस हलला नाही की बाटल्या भरायच्या, प्रत्येकीत किंचित साखर घालायची आणि पुन्हा दोन-तीन आठवडे वाट पाहायची. घाई केली तर बाटल्या फुटतात. जुलैत हॅमिल्टनच्या थंडीत यीस्ट झोपून जातं, म्हणून पिंपाला सोलापुरी चादर गुंडाळतो. जास्तीत जास्त पाच टक्क्यांची ही बिअर. लाकडं फोडून आलेल्या माणसाला त्यातली एक पुरते, दुसरी उघडली तर जेवताना पेंग येते. स्वतःपुरती करायला इथे कुणाची परवानगी लागत नाही, फक्त विकता येत नाही. 1996 पासून तर घरी दारू गाळायलाही मुभा आहे. म्हणजे खरोखरची भट्टीही लावता येईल, पण हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.

पुलगाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्धा नदीच्या अलीकडे आमचा जिल्हा, पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. अलीकडे बंदी, पलीकडे दुकान. या पुलावरून काय काय येतं हे आमच्या वर्गातल्या प्रत्येक पोट्ट्याला दहावीच्या आधीच माहीत होतं. आणि पुलावरून बिअर क्वचितच यायची. लपवून आणणाऱ्याला खिशात मावणारं, थोडक्यात जास्त चढणारं लागतं. म्हणून पव्वे यायचे. बंदीने आमच्या जिल्ह्यातून दारू गेली नाही, सावकाश पिणं गेलं. पिणाऱ्याला बसायला जागाच ठेवली नाही. नाल्याकाठी उभ्याने घशात ओतायचं आणि घरी जायचं. एवढंच मी ग्रुपवर लिहिलं, जरा लांबलचक लिहिलं, आणि इथला इतिहास जोडला.

तो इतिहास माझ्या मुद्द्याला अगदी सोयीचा आहे. 1917 पासून 1967 पर्यंत, पन्नास वर्षं, न्यूझीलंडमधले पब संध्याकाळी सहाला बंद होत. पाचला कामावरून सुटलेला माणूस त्या तासाभरात मिळेल तितकी रिचवायचा आणि झोकांड्या खात घरी जायचा. हॅमिल्टनच्या दक्षिणेला किंग कंट्री आहे. तिथे 1884 पासून 1950 च्या दशकापर्यंत बंदी होती, ती माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, प्रमुखांनीच मागितलेली. त्या काळातल्या चोरट्या दारूच्या गोष्टी तिथल्या ‘ते कुइटी’ नावाच्या गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकाव्यात. नावं बदलली की सगळं पुलगाव. ऑकलंडचं माउंट रॉस्किल, जिथे आता आपली कितीतरी मंडळी घरं घेतात, तेसुद्धा 1999 पर्यंत कोरडं होतं. आणि तिथेही लोक पीतच होते. बघा, म्हटलं, यांनी हे सगळं करून पाहिलं आणि सोडून दिलं. तुम्ही अजून पहिल्या पानावर आहात.

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं असं बायको म्हणाली. मला आजही ते चूक वाटत नाही. पंधरा जणांनी मला ‘एनआरआय’ म्हणून झोडपलं, त्यातले तिघे स्वतः पुलापलीकडच्या धामणगावला जाऊन पितात. त्यांच्या संस्कारांचं काय, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

रात्री आमच्या वर्गातल्या एकीचा मेसेज आला. ती देवळी तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहे, ग्रुपवर फारसं बोलत नाही. तिने एवढंच विचारलं, “तिकडच्या बायका काय म्हणत होत्या, ते नाही लिहिलं?”

नव्हतं लिहिलं, आणि मला ते माहीत होतं. इथल्या बायकांना 1893 साली मताचा हक्क मिळाला, जगात कुठल्याही देशाच्या आधी, आणि त्या लढ्याच्या पुढे होत्या त्या दारूविरोधी चळवळीतल्या बायका. त्या लढ्याची पुढारी केट शेपर्ड त्याच चळवळीतली. दहा डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र आहे आणि मी त्या नोटेने माल्टचे डबे घेतले आहेत. 1919 च्या मतदानात तर संपूर्ण देश कोरडा होता होता राहिला. परदेशात असलेल्या सैनिकांच्या मतांनी दारू वाचवली. घरी राहिलेल्यांचा कौल बंदीकडे होता, बाहेर गेलेल्यांनी तो फिरवला. दारूबंदीवरचं हे मतदान 1987 पर्यंत सार्वत्रिक निवडणुकीबरोबर होत आलं. म्हणजे ‘करून पाहिलं आणि सोडून दिलं’ हे दोन ओळींत बसणारं प्रकरण नाही. पण वादात कुणी आपल्या विरुद्ध जाणारी पानं स्वतःहून उघडत नाही. ग्रुपवर मी आजही ती उघडलेली नाहीत.

तिचा दुसरा मेसेज होता, “तू लाकडं फोडतो ते हौसेनं. ज्याचा चुकारा आठवड्यानं होते, त्याच्या घरी ये एखाद्या वेळी.”

याला मी उत्तर दिलं नाही, कारण आमच्या घरचाच सालगडी आठवला. कापूस, तूर, पऱ्हाटी उपटणं, बैलांचं सगळं, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. मी त्या शेतात कधी फावडं धरलं नाही. मी ‘अभ्यास करणारा’ होतो. संध्याकाळी तो अंगणात यायचा आणि वेगळ्या ठेवलेल्या कपातून पायरीवर बसून चहा प्यायचा. मग नाल्याकडे जायचा. तिकडे तो काय पितो हे बाबांना माहीत होतं, आणि दुसऱ्या दिवशी उशीर झाला की त्याचीच शिवी त्याला पडायची. दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी कुठे बसावं, हा प्रश्न आमच्या घरात कुणालाही पडला नाही. दारूबंदीचा कायदा नसता तरी तो आमच्या ओट्यावर बसला नसता.

इथे माझा शेजारी गायींच्या फार्मांवर तारेची कुंपणं घालतो. चिखलाचे गमबूट पायरीखाली काढून ठेवतो आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतो. मी दिवसभर स्क्रीनसमोर असतो, तो दिवसभर खांब ठोकतो, आणि बिअर त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. हॉप्स कमी पडले की तोंडावर सांगतो. मला या देशातलं सगळ्यात जास्त काय आवडतं असं कुणी विचारलं तर मी निसर्ग वगैरे सांगतो. खरं उत्तर ही खुर्ची आहे. ती आपल्या गावात मांडता आली असती का, आणि मी मांडली असती का, याचा विचार करायला मला दहा हजार किलोमीटरहून जास्त लांब यावं लागलं, ही काही मिरवण्याची गोष्ट नाही. वर्ध्याच्या पेपरात पारधी बेड्यावरच्या, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरच्या, दारूच्या धाडीचा फोटो येतो, उलटे केलेले ड्रम, शेजारी उभे शिपाई. त्या ड्रममध्ये जसं आंबतं तसंच माझ्या पिंपात आंबतं. मी फोटो काढून मिरवतो, त्यांचा फोटो पोलीस काढतात.

आणि तरीही ‘संस्कार’ म्हणणाऱ्यांवरचा माझा राग गेलेला नाही. दुकान आलं म्हणून कुणी बिघडत नाही, दुकान गेलं म्हणून कुणी सुधारत नाही, असं मी अजून म्हणतो. फक्त आईसमोर म्हणत नाही. व्हिडिओ कॉलवर तिने मागे चादरीत गुंडाळलेला पिंप पाहिला आणि विचारलं, तर मी व्हिनेगर म्हणालो. “एवढं?” ती म्हणाली. लोणच्याला लागतं, असं मी ठोकून दिलं. चाळिशी उलटलेला, इथल्या निवडणुकीत मत देणारा, मोकळेपणावर लांबलचक मेसेज लिहिणारा माणूस.

तिचं मत कुठे जाईल हे मला ठाऊक आहे. उद्या बंदी उठली, गावात दुकान आलं आणि बायकांनी ते बंद करण्यासाठी मतदान मागितलं, तर ती पहिल्या रांगेत उभी राहून आडव्या बाटलीवर शिक्का मारून येईल. मी तेव्हा सुट्टीवर तिथे असलो तर तिला गाडीतून केंद्रापर्यंत मीच सोडेन, आणि परतताना वादही घालेन. जिंकणार तीच.