‘कमी धोका’ म्हणजे पाळ मजबूत असं नव्हे

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की इंदूरच्या आसपासच्या आठ-नऊ मीटर उंचीच्या, पूर अडवणाऱ्या मातीच्या बंधाऱ्यांबद्दल मी उगाच भीती घालतो. ते ‘कमी धोक्याच्या’ वर्गात आहेत, चाळीस पावसाळे टिकलेत आणि वर्षाचा बराच काळ कोरडेच असतात.

मला खरी काळजी या कोरडेपणाचीच आहे. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. कायम पाणी असलेल्या तलावाचा भराव निदान खालच्या भागात ओला राहतो. पुराचा बंधारा मात्र मे महिन्यात तडकतो आणि जुलैतल्या एका रात्रीत भरतो. पाळीला, म्हणजे बंधाऱ्याच्या मातीच्या भिंतीला, आडवी जाणारी, पाण्याकडून मागच्या उताराकडे निघालेली भेग असेल, तर माती फुगून ती मिटण्याआधीच पाणी कण ओढून न्यायला लागतं. चाळीस पावसाळे टिकला हे खरं, पण त्यात पाणी सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेच्या, पातळीला किती वेळा टेकलं? वरच्या मीटर-दीड मीटर भरावाची परीक्षा बहुधा झालेलीच नाही. धार जिल्ह्यातल्या कारम धरणात ऑगस्ट २०२२ मध्ये बांधकाम चालू असतानाच्या पहिल्या भरतीतच गळती लागली. गावं रिकामी करून, बाजूने चर खोदून पाणी काढावं लागलं.

आता वर्गाबद्दल. धोक्याचा वर्ग पाळीची प्रकृती सांगत नाही. पाळ फुटली तर खाली कोणाचं काय जाईल, एवढंच सांगतो. अमेरिकेत खाली एका माणसाचाही जीव जाण्याची शक्यता असेल, तर बंधारा कितीही बुटका असो, तो ‘हाय हझार्ड’, म्हणजे जास्त धोक्याचा, ठरतो. आपला २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो. १० ते १५ मीटरमधल्यांना लांबी ५०० मीटर, साठा १० लाख घनमीटर अशा काही अटींपैकी एखादी पूर्ण झाली तरच. नऊ मीटरचा बंधारा कायद्याबाहेर राहतो, पण पाण्याला त्याचं काय? ९ मीटर खोल, ४ लाख घनमीटर साठा धरला, तर धरणफुटीचा प्रवाह काढायच्या फ्रोलिख यांच्या १९९५ च्या सूत्राने फुटीच्या वेळचा सर्वांत मोठा प्रवाह सेकंदाला सुमारे ४०० घनमीटर येतो. चाळीस वर्षांपूर्वी खाली सोयाबीन होतं, आज कॉलनी आहे. बंधारा तोच असला तरी त्याचा वर्ग बदलायलाच हवा.

जूनआधी माथ्यावरच्या भेगा खणून तळ गाठा, ओलसर माती थराथराने ठोकून भरा, वर ३० सेंटिमीटर मुरूम टाका. नुसती वरून माती लोटली तर भेग झाकते, बुजत नाही. बाभळी लहान असतानाच काढा. मोठ्या झाडाचं मूळ कुजलं की पोकळ नळी राहते. सांडव्यातली मासेमारीची जाळी आणि काटक्या हटवा. मोरीच्या, म्हणजे पाळीखालून पाणी बाहेर काढणाऱ्या, नळाचं तोंड खास पाहा, कारण नळाला लागून माती ठोकणं अवघड असतं आणि गळती बऱ्याचदा तिथूनच सुरू होते.

पायथ्याशी स्वच्छ पाझर दिसला तर बाटलीत धरून रोज मोजा. गढूळ झाला तर त्यावर चिकणमाती थापू नका. कोंडलेलं पाणी दुसरीकडून फुटेल. आधी जाड वाळू, मग खडी, वर दगड ठेवा, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. त्याच वेळी खालच्या कॉलनीला उठवा.