ईव्ह म्यूरहेडचं सुवर्ण नशिबाचं होतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की ब्रिटनच्या कर्लिंग संघाची कर्णधार म्यूरहेड हिला चार हिवाळी ऑलिंपिकमध्ये एकच सुवर्ण मिळालं, तेही इतरांच्या निकालांवर तरून. (कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवण्याचा खेळ.) मग तिला एवढं डोक्यावर का घ्यायचं?

२०२२ च्या बीजिंगमध्ये साखळीत ब्रिटनने नऊपैकी पाच सामने जिंकले. इतर सामन्यांचे निकाल अनुकूल लागावे लागले, हेही खरं. पण जपान आणि कॅनडाचेही पाचच विजय होते आणि आपापसातल्या सामन्यांवरूनही उपांत्य फेरीत कोण जाणार हे कोडं सुटत नव्हतं. मग हिशेब झाला तो प्रत्येक सामन्याआधी टाकलेल्या दगडांचा. दगड बटणाच्या, म्हणजे वर्तुळाच्या मध्यबिंदूच्या, किती जवळ थांबला ते मोजतात आणि स्पर्धाभरातली सरासरी काढतात. हातातून सुटल्यावर सुमारे २८ मीटर घसरत जाणारा, २० किलोच्या आसपासचा दगड रोज नेमका थांबवणं, याला नशीब कसं म्हणायचं? त्या सरासरीवर कॅनडा बाहेर गेला.

उपांत्य सामन्यात तर स्वीडनने पहिल्याच एंडमध्ये, म्हणजे पहिल्याच डावात, चार गुण घेतले होते. तिथून ब्रिटनने जादा एंडमध्ये १२-११ असा सामना काढला. अंतिम फेरीत जपानवर १०-३.

प्यॉंगचांगची आठवण तुम्ही करून दिलीत. २०१८ च्या तिथल्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात शेवटचा दगड तिच्या हातात होता, तो चुकला आणि जपान ५-३ ने जिंकला. स्किपची, म्हणजे कर्णधाराची, चूक लपत नाही, सगळा डाव तिच्याच दगडावर येऊन थांबतो. त्याच वर्षी तिच्या कंबरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. २०२१ च्या जागतिक स्पर्धेतून ऑलिंपिकची जागा मिळाली नाही. नव्याने संघ बांधून तिने त्या वर्षी युरोपीय विजेतेपद मिळवलं आणि डिसेंबरात नेदरलँड्समधल्या पात्रता स्पर्धेतून बीजिंग गाठलं. मला ती मोठी वाटते ती या चार वर्षांमुळे. २०१३ चं जगज्जेतेपद आणि २०१४ च्या सोची ऑलिंपिकचं कांस्य तर आधीच तिच्या नावावर होतं.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत आहे: तिच्या संघातल्या व्हिकी राइट, जेनिफर डॉड्स, हेली डफ आणि मिली स्मिथ यांच्याबद्दल मी फार कमी लिहिलं. राइट तर परिचारिका, कोविडच्या काळात पुन्हा रुग्णालयात कामाला उभी राहिलेली. पुढचा लेख तिच्यावरच लिहिणार आहे.