खुलासा : व्हेरिटास-प्रोमध्ये गुण जास्त म्हणजे हयगय जास्त

व्हेरिटास-प्रो म्हणजे हिमोफिलियात (रक्त नीट न गोठण्याचा आजार) फॅक्टरचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं इंजेक्शन) डोस किती नियमित घेतले जातात, हे तपासणारी प्रश्नावली. सातारा-सांगलीकडच्या हिमोफिलिया ग्रुपांवर मेसेज फिरतोय : 'व्हेरिटास-प्रोमध्ये ९० गुण पडले, म्हणजे फॅक्टर घेणं एकदम चोख.' खरं तर नेमकं उलट आहे. शाळेच्या मार्कांसारखं वाचल्यामुळे हा घोळ झाला असावा.

प्रश्न २४, प्रत्येकाला १ ते ५ गुण. १ म्हणजे ठरल्याप्रमाणे, ५ म्हणजे चुकवाचुकवी. म्हणून बेरीज २४ सर्वांत चांगली, १२० सर्वांत वाईट. ५७ ही हद्द धरतात, त्यापुढे हयगय; ९० म्हणजे डोस पाळण्यात बरीच हयगय होतेय. आणि ही प्रश्नावली नियमित प्रतिबंधक डोसवाल्यांची. रक्तस्राव झाल्यावरच फॅक्टर घेणाऱ्यांसाठी व्हेरिटास-पीआरएन वेगळी आहे.

नुसत्या रिकाम्या बाटल्या मोजूनही फसगत होते. आठवड्याला ३ डोस ठरलेत, ४ आठवड्यांत १२ लागले. पण त्यातले ३ गुडघ्यात रक्तस्राव होऊन तो सुजल्यावरचे असतील, तर नियमित फक्त ९, म्हणजे ७५ टक्के. वहीत तारीख, वेळ, युनिट, बॅच नंबर आणि डोस नेहमीचा की रक्तस्रावासाठी, हे टोचल्याबरोबर लिहा. (ओपीडीच्या आदल्या रात्री भरलेली वही लगेच ओळखू येते, सगळीकडे एकच पेन!)

तो मेसेज पुढे पाठवू नका. जिथे आलाय तिथेच हा खुलासा टाका. ९० पाहून कुणी डोस कमी केला असेल, तर आपल्या डॉक्टरांना आजच फोन करा.