‘गेट कार्टर’ ही सत्यकथा नव्हे

१९७१चा मायकल केनचा ‘गेट कार्टर’ हा सिनेमा म्हणजे इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या एका खऱ्या गुंडाची जीवनकथा, असा मजकूर फिरतोय. तसं काही नाही. सिनेमाचा नायक जॅक कार्टर हे टेड लुईसच्या कादंबरीतलं काल्पनिक पात्र, आणि ती कादंबरी न्यूकॅसलमध्ये घडतही नाही. कथा तिथं नेली दिग्दर्शक माइक हॉजेसनं.

खरा आहे तो जानेवारी १९६७चा खून. क्लबांमधल्या जुगाराच्या यंत्रांचे पैसे गोळा करणारा अँगस सिबेट डरहॅम परगण्यातल्या साऊथ हेटन गावी पुलाखाली, जॅग्वारच्या मागच्या सीटवर गोळ्या घातलेला सापडला. त्या प्रकरणाची सावली सिनेमावर आहेच. खलनायक किनिअरचा बंगला तर याच धंद्यातल्या व्हिन्स लांडाचा होता (लोकेशन शोधणाऱ्याला दाद द्यायला हवी!). पण सिनेमातल्यासारखा, भावाच्या मृत्यूचा सूड उगवायला लंडनहून आलेला कुणी कार्टर त्या प्रकरणात नव्हता.